उसवणी

मे महिन्यातल्या एका दुपारी अमरावतीत गाद्या-उश्यांच्या एका दुकानाला आग लागली. शटर खाली होतं, बाहेरून कुलूप होतं आणि आत एक कामगार झोपलेला होता. अग्निशमन दलाची गाडी पोहोचली तेव्हा तो आतून शटर ठोकत होता. गाडीवरच्या अवजारांनी कुलूप निघालं नाही. शेवटी मागची भिंत फोडून त्याला बाहेर काढलं. तो वाचला. त्याचे दोन्ही तळवे भाजले होते, कारण तो तापलेल्या पत्र्यावर हात आपटत होता.

त्या गाडीवर माझी धाकटी बहीण होती. ते शटर आमच्या वडिलांनी बनवलेलं होतं.

मी तेव्हा अकोल्यात एका दैनिकात डेस्कवर काम करत होतो. अमरावतीच्या बातमीदाराने पाठवलेला मजकूर माझ्याच हातातून गेला. ‘शटर तोडण्यात अडचण आल्याने विलंब झाला,’ एवढं एक वाक्य त्यात होतं. अडचण कोणती, हे लिहायला त्या दिवशी जागा नव्हती.

वडिलांचं अकोल्यात शटरचं वर्कशॉप आहे. पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, त्यांच्या कडा वळवायच्या, एकीत एक ओवत न्यायच्या आणि वरच्या रुळावर गुंडाळायच्या, असं हे काम. ‘ओवणं’ हा त्यांच्या धंद्यातला शब्द. दोन्ही बाजूंना भिंतीला उभे चॅनल असतात, पट्ट्यांची टोकं त्यातून धावतात. सगळ्यात खाली जाड पट्टी आणि तिच्या टोकाला, जमिनीलगत, कुलूप. बाजारात चोऱ्या वाढल्या तेव्हा चोर कुलपाची कडी कटरने कापून नेत. मग वडिलांनी कुलपाभोवती जाड पत्र्याची डबी वेल्ड करायला सुरुवात केली. त्या डबीत खालून किल्ली जाते, पण कटरचं तोंड जात नाही आणि पहार अडकवायला फट मिळत नाही. डबी चालली. अकोल्याहून ती अकोटला गेली, अमरावतीला गेली. वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वाक्य ऐकवत: “किल्ली हरवली तं माह्याकडं येऊ नका. मलेही उघडता येत नाई.”

हे वाक्य खरं नव्हतं. घरात आम्हाला ते माहीत होतं, बाजाराला नव्हतं.

बहिणीच्या गाडीवर कुऱ्हाड होती, घण होता, पहार होती, कटर होता. शिवाय परदेशी घडणीचा एक दांडा होता. त्याच्या एका टोकाला दोन चपट्या बोटांचा चिमटा, दुसऱ्या टोकाला काटकोनात एक पातं आणि एक सुळा. दाराची फळी आणि चौकट यांच्यामध्ये बोटं सरकवायची, घणाने आत बसवायची आणि दांडा ढकलायचा, असं प्रशिक्षणात शिकवतात. लाकडी चौकटीतलं, आत उघडणारं दार असेल तर ते हत्यार चोख काम करतं, हे बहीणही मान्य करते. आमच्या बाजारात कुलूप जमिनीला टेकलेलं. त्याच्यापुढे पायरी, नालीवरची फरशी, कधी दुकानदाराने नंतर बांधलेला ओटा. दांडा खाली दाबावा तर खाली जागाच नाही. वाकून मारलेल्या घणात जोर नाही. अग्निशमन केंद्रावरचे लोक त्या दांड्याला ‘जावई’ म्हणत. दसऱ्याला पुसून, हळद-कुंकू लावून त्याची पूजा होई. एरवी त्याला कोणी कामाला लावत नसे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी बंद शटर म्हणजे रिकामं दुकान, असं धरून चालता येत नाही. मालक जेवायला घरी जातो. कामगार आत कूलर लावून आडवा होतो. शटर उघडं राहिलं तर कोणीतरी वर करून ‘दोन उश्या दाखवा’ म्हणत त्याला उठवणार, किंवा तो घोरत असताना माल उचलून नेणार. म्हणून मालक बाहेरून कुलूप लावतो आणि चार वाजता येऊन काढतो. यात दोघांनाही काही गैर वाटत नाही. माझे वडीलही असेच झोपत. फक्त त्यांना कोणी कुलूप लावत नसे. ते स्वतःच शटर खाली ओढत आणि हवेला वितभर फट ठेवत.

आगीनंतरच्या रविवारी बहीण अकोल्याला आली. जेवताना तिने विचारलं.

“बाबा, डबी कशी उघडते?”

“किल्लीनं.”

“किल्ली मालकाच्या खिशात. मालक घरी जेवून राहिला. आत माणूस ठोकून राहिला. मंग?”

“मंग तुमाले पगार कायचा भेटते?”

“ते सोडा. कुठून उघडते ते सांगा.”

वडिलांनी भाकरी खाली ठेवली. “आज तुले सांगतलं, उद्या तू तुह्या फायरवाल्याले सांगशीन, परवा तो त्याच्या साळ्याले सांगन. त्या डबीच्या भरोशावर लोक दुकान टाकून लग्नाले जातात, पोरी.”

“लोक आत झोपतात. तेही तिच्याच भरोशावर.”

“मी बनवतो. मी उघडत नाई.”

“दादा, तू सांग यांले.”

“त्याले काय इचारतं,” वडील म्हणाले, “तो दोन्ही बाजू छापते.”

बहिणीने ताट उचललं. ती संध्याकाळच्या बसने परत गेली. वडिलांनी त्या आठवड्यात डबीच्या पाच ऑर्डर घेतल्या, हे त्यांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं. निरोप कोणासाठी होता, ते सांगावं लागलं नाही.

बहिणीने अमरावतीत ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम सुरू केलं. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड घेऊन तिने डबीत शिरेल असं अरुंद, आकडी टोकाचं हत्यार करवून घेतलं. पहिलं टोक जास्त कडक झालं होतं. भंगारातल्या एका शटरवर घण पडताच ते तुटलं आणि तुकडा तिच्या हेल्मेटच्या काचेवर आपटला. दुसऱ्या वेळी पाणी कमी दिलं, तेव्हा टोक वाकून परत फिरलं. केंद्रावर सहकाऱ्यांनी त्याचं नाव ‘जावयाचा भाऊ’ ठेवलं. दोन्ही हत्यारं कुलपावर चालून जात होती आणि कुलूप वडिलांच्या बाजूने होतं.

जूनमध्येही पाऊस लांबला होता. एका दुपारी ती न कळवता अकोल्याला आली आणि मला वर्कशॉपच्या कोपऱ्यावर बोलावून घेतलं. वडील आत झोपले होते, मागच्या खिडकीतला कूलर चालू होता. तिने शटरची वितभर फट बंद केली, पिशवीतून नवं कुलूप काढलं आणि वडिलांच्याच डबीत लावलं. मग समोरच्या पायरीवर बसली.

मी तिला काय चाललंय ते विचारलं. ती म्हणाली, “तू उभा राह्य. बोलू नको.”

थोड्या वेळाने आतून शटर हललं.

“कोन हाय?”

“मी हाय, बाबा.”

“शटर काहून खाली हाय?”

“कुलूप लावलं.”

शटर पुन्हा हललं. मग, “किल्ली?”

“मालक जेवाले गेला.”

शेजारचा प्लंबिंगचं सामान विकणारा दुकानदार बाहेर आला. त्याच्यामागे आणखी दोघे. कोणीतरी म्हणालं, “भाऊ, आतच राहा, बाहेर भट्टी हाय.” दुसरा म्हणाला, “बाप लावते, लेक अडकवते. एकाच घरात कुलूप अन् चोर.” बहिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, तुमचा मानूस कुठी झोपते दुपारी?” तो हसला.

“पोरी, उघड.”

“मले उघडता येत नाई. तुमालेही येत नाई, तुमीच सांगता समद्याले.”

आत अवजारांची पेटी ओढल्याचा आवाज आला. मग हातोड्याचा आवाज सुरू झाला. तो जमिनीजवळून येत नव्हता. कमरेच्या उंचीवर, उजव्या चॅनलपाशी येत होता. आवाज इतका होता की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने येऊन विचारलं, काय पडलं. चॅनलचा आतला ओठ, म्हणजे पट्ट्यांना धरून ठेवणारी कड, वाकत होता. मग एका पट्टीचं टोक चॅनलमधून सुटलं, तिच्या टोकाचा दुमडून दाबलेला कान सरळ झाला आणि ती पट्टी शेजारच्या पट्ट्यांतून करकरत आडवी सरकू लागली. अर्ध्यावर ती दुमडली. वडिलांनी ती ओढून काढली. जोड सुटताच वरचं अर्धं शटर स्प्रिंगने सरसर वर गेलं. खालचं अर्धं कमरेइतकं उभं राहिलं. डबी जागेवर होती. कुलूप जागेवर होतं.

वडील खालच्या अर्ध्यावरून पाय टाकून बाहेर आले. बनियन घामाने भिजलेलं होतं. त्यांनी आधी कुलूप ओढून पाहिलं.

“तुटलं का?”

“नाई,” बहीण म्हणाली.

“मंग? म्या काय सांगतलं होतं?”

ती चॅनलपाशी बसली आणि वाकलेल्या ओठावरून बोट फिरवलं. “आता बाहेरून करून दाखवा.”

वडिलांनी बनियनने तोंड पुसलं. मग त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा दोघं आतल्या फरशीवर खडूने रेघा ओढत होते.

त्या दिवशी त्यांनी एक अट घातली. हत्यार आवाजाशिवाय चालता कामा नये. “चोराले आवाज परवडत नाई,” ते म्हणाले. “तुमची तं गाडीच घंटा वाजवत येते.” पुढच्या सगळ्या घडणीचा पाया हाच होता. कुलपाला हात लावायचा नाही. मुकाट्याने काही उघडायचं नाही. घणाखालीच चालेल असं, जड, उघड्यावर उभं राहून वापरायचं हत्यार करायचं.

वडिलांनी केलेला पहिला नमुना बहिणीने नाकारला. दांडा बारीक होता. उघड्या हाताला तो बरोबर वाटे, हातमोजे घातल्यावर मुठीत फिरे. घण बसायची जागा मुठीच्या सरळ वर होती, म्हणजे घण घसरला तर धरणाऱ्याचं मनगट जाणार. वडील म्हणाले, नेम धरून मारा. ती म्हणाली, “धुरात नेम कोणाचा, तुमचा का माहा?” तिने घण बसायची ती जागा बाजूला, तिरपी घ्यायला लावली. दुसऱ्या नमुन्यात त्यांनी वजन कमी केलं, तिने पुन्हा वाढवायला लावलं. त्यांनी दांड्याला लाल रंग दिला, तिने टोकाचा रंग घासून काढला. रंगाचा थर पातळ कडेवर चढला की ती कड फटीत शिरत नाही, हे गाडीवरच्या जावयाला दर दसऱ्याला मिळणाऱ्या ऑइलपेंटवरून तिला माहीत होतं. त्यावरून दोघांत चार दिवस अबोला होता. रंग न दिलेलं लोखंड दुकानातून बाहेर पाठवणं वडिलांना कमीपणाचं वाटे. शेवटी दांडा लाल आणि टोकं उघडी राहिली. गंज येऊ नये म्हणून त्यांना तेल लावायचं, ते तिने स्वतःकडे घेतलं.

तयार झालं ते असं होतं. एका टोकाला खाचेचा जबडा. तो चॅनलच्या ओठावर चढवायचा आणि दांडा बाहेर ओढायचा. दुसऱ्या टोकाला पातळ चोच, पट्टीचा दाबलेला कान सरळ करायला. चोचीच्या मागे एक खांदा, त्यावर घण मारून पट्टी आडवी ढकलायला. सगळं काम कमरेच्या उंचीवर, जिथे माणूस नीट उभा राहतो आणि घण पूर्ण फिरतो. तंत्रज्ञ याला काय म्हणतील ते मला माहीत नाही. वडिलांनी नाव दिलं ‘उसवणी’. जे ओवलं ते उसवता येतं, एवढंच स्पष्टीकरण त्यांनी दिलं.

बाजारात बातमी गेली. व्यापाऱ्यांमधले एक ज्येष्ठ वर्कशॉपवर आले. मी तिथे होतो. त्यांनी चहा घेतला आणि मग म्हणाले, “भाऊ, लोक बोलून राहिले. तुमी समद्यांले सांगून टाका का ते हत्यार तुमचं नाई. पोरीनं केलं, अमरावतीत केलं. गोष्ट संपली.”

“हत्यार माहंच हाय,” वडील म्हणाले.

“मंग गिऱ्हाइक जाईन.”

“जाऊ द्या.”

ते गेल्यावर वडिलांनी उसवणीचा दुसरा नग वर्कशॉपच्या दर्शनी खांबाला, माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगला. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत असे. मी विचारलं, चोरानेच नेला तर. ते म्हणाले, “नेऊ दे. वाजवल्याशिवाय त्याले चालवता येत नाई, अन् वाजवलं का समदा बाजार जागा.” येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्वतः हे ऐकवत. काही गिऱ्हाइकं गेली. काहींनी डबी ठेवली आणि कामगाराला मागच्या दाराची किल्ली दिली. प्लंबिंगच्या दुकानदाराने दुपारी बाहेरून कुलूप लावणं बंद केलं. तसं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. किल्ली हरवल्याचं जुनं वाक्य वडिलांनी सोडून दिलं. नवं असं होतं: “उघडते. पन चोरानं नाई.”

अमरावतीत अडचण निराळी होती. केंद्राच्या अधिकाऱ्यांनी हत्यार हातात घेऊन पाहिलं, घण मारून पाहिला आणि खाली ठेवलं.

“चांगलं आहे. पण गाडीवर राहणार नाही.”

“काहून, साहेब?”

“तपासणी झालेलं नाही. उद्या टोक उडून कोणाच्या डोळ्यात गेलं, तर मी काय सांगू? एका फायरमनच्या वडिलांनी बनवलं होतं, असं सांगू?”

“सांगा.”

त्यांनी ते गाडीवरून उतरवायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गाडीवर होतं. त्यांनी पुन्हा उतरवलं. हे काही आठवडे चाललं. सहकारी सकाळी गाडीचा कप्पा उघडून विचारत, “आज चढली का?” एकदा अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “हे इथे कोणी ठेवलं?” बहीण म्हणाली, “मी, साहेब. उद्याही मीच ठेवीन.” त्यांनी तिला लेखी ताकीद दिली. मंजुरी नसलेलं अवजार वापरलं तर निलंबनाची कारवाई होईल, असं तीत होतं. तिने सही करून पोच दिली. मग कप्प्यात जावयाशेजारी उसवणी ठेवली.

त्याच काळात ती बार्शीटाकळीला जाऊन आली. भाजलेल्या तळव्यांचा कामगार तिथे आपल्या गावी परतला होता. त्याने तिला विचारलं, “तुमी बाहेर होत्या ना? मले तुमचा आवाज येत होता.” ती हो म्हणाली. ही गोष्ट तिने मला सांगितली, वडिलांना मी सांगितली.  त्यांनी त्या आठवड्यात तिसरा नग केला आणि अमरावतीला पाठवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, अमरावतीत तयार कपड्यांच्या दुकानाला आग लागली. पुढचा घटनाक्रम मी बहीण, तिचे दोन सहकारी आणि दुकानाचा मालक यांच्याकडून स्वतंत्रपणे घेतला आहे. तो जुळतो.

गाडी पोहोचली तेव्हा शटर खाली होतं. डबीत कुलूप होतं. जमलेल्या लोकांनी सांगितलं, दुकान बंद आहे, आत कोणी नाही. आतून काही आवाज येत नव्हता. वीज आधीच तोडलेली होती. बहीण बाजूच्या बोळात गेली. मागच्या खिडकीतला कूलर बंद होता, पण त्याचं पाणी भिंतीवरून अजून ठिबकत होतं आणि खालची माती ओली होती. तिने परत येऊन सांगितलं, आत माणूस आहे.

त्या दिवशी गाडीवर अधिकारी स्वतः होते. तिने कप्पा उघडला, तेव्हा ते शेजारी उभे होते. एका सहकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी तिचं नाव घेतलं आणि पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ते ‘लवकर’ म्हणाले. बहिणीने काही ऐकलं नाही, असं ती सांगते.

तिने जबडा चॅनलवर चढवला. सहकाऱ्याने घण घेतला. आवाज ऐकून पुढच्या चौकातून माणसं धावत आली. ओठ वाकला, कान सरळ झाला, पट्टी सरकली. वरचं अर्धं शटर वर गेलं आणि धूर बाहेर आला. दुकानात शिवणकाम करणारा एक म्हातारा शिंपी कापडाच्या गठ्ठ्यांमागे बेशुद्ध पडलेला होता. त्याला खालच्या अर्ध्यावरून उचलून बाहेर आणलं. दवाखान्यात तो शुद्धीवर आला. त्याच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती.

त्या संध्याकाळी गाडी केंद्रावर परतल्यावर सामानाची मांडणी झाली. उसवणी कप्प्यातून उतरवली गेली नाही.

कुलूप दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने आपल्या किल्लीने उघडलं.